वरच्या अंगाची जागा

योगराज बोर्डे यांना स्वर्गाची फार ओढ होती, आणि ही गोष्ट भुसावळच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत कुणापासून लपलेली नव्हती. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली की ते उभे राहत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि सांगत, की आपण इथले नव्हेच, आपण वाटसरू. हे शरीर म्हणजे चार दिवसांचा तंबू. आपलं खरं घर वर आहे. छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढल्यामुळे त्यांच्या साक्षीत सिग्नल, फलाट आणि अखेरचं स्टेशन हटकून यायचं. ऐकणाऱ्यांत निम्मे रेल्वेचेच, त्यामुळे कुणाला अडायचं नाही. "मी तर बॅग भरून बसलोय," असं शेवटी म्हणून ते पेटी पुढे ओढत आणि गाणं सुरू करत. गायनाचे पुढारीही तेच होते.

बॅग भरून बसलोय हे मात्र अगदी खरं होतं. निवृत्तीच्या वर्षीच त्यांनी दफनभूमीत स्वतःसाठी जागा मंजूर करून घेतली होती.

दफनभूमी लहान. तिचं खालचं अंग काळ्या मातीचं, पावसाळ्यात तिकडे पाणी झिरपायचं. वरचं अंग मुरमाड, कोरडं, आणि तिथे एक जुनं बकुळीचं झाड. झाडाजवळ उरलेली शेवटची जागा योगराजांनी धरली आणि त्यानंतर पंचकमिटीनं नव्या जागा देणंच बंद केलं. ज्याच्या घरातलं कुणी आधी तिथे पुरलेलं असेल, त्याला त्याच कबरीत, मधे पंधरा वर्षं गेल्यावर, जागा मिळेल असा नियम झाला; ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यापुरतं खालचं अंग उरलं. योगराजांचे आईवडील शिरपूरकडच्या खेड्यात मातीला मिळालेले. भुसावळात त्यांची स्वतःची अशी कबर नव्हती. म्हणून ही जागा त्यांना जिवापलीकडे प्रिय होती. त्यांनी तिच्याभोवती विटांची कड घालून घेतली. दर दिवाळीत जाऊन ते गवत उपटून येत. जळगावहून एक काळा दगडही कोरून आणला होता: नाव, जन्मतारीख, पुढे मृत्यूच्या तारखेसाठी मोकळी जागा, आणि खाली एक ओळ, "गाडी वेळेवर पोहोचली."

"भुसावळात ह्याच्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही," दगड पाहून त्यांची बायको सुलक्षणा म्हणाली होती. मग तिनं विचारलं, "आणि मी?"

"तू ह्याच जागेत. माझ्यानंतर. पंधरा वर्षं झाली की."

"म्हणजे तुम्ही गेल्यावर मला पंधरा वर्षं थांबायचंय."

"नियम आहे. आणि तू धट्टीकट्टी आहेस," योगराज कौतुकानं म्हणाले, आणि दगड गोणपाटात गुंडाळून कपाटामागे उभा करून ठेवला.

स्वर्गाच्या तयारीत त्यांना एकच अडचण वाटायची, आणि ती म्हणजे वच्छलाबाई.

वच्छलाबाई साक्रीकडची. नवरा गेल्यावर कुठल्याशा बाईबरोबर भुसावळला आली, एका दवाखान्यात आया म्हणून राबली, आणि म्हातारपणी खडका रोडच्या बाजूला एका खोलीत एकटी राहायची. चाळीस वर्षांत तिची अहिराणी सुटली नाही आणि देवळातली शेवटच्या रांगेची जागाही सुटली नाही. शनिवारी ती देऊळ झाडायची, माठ भरायची. मंडळीत कुणी बाई वारली की तिला आंघोळ घालायला वच्छलाबाईच जायची. घरच्या सुना दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या आणि ही आत मेलेल्या बाईशी बोलत बोलत तिचे केस विंचरायची. ह्या कामाबद्दल तिला साक्ष द्यायला कुणी कधी उभं केलं नाही, कारण ते काही बोलून दाखवण्यासारखं काम नव्हतं.

अडचण होती ती तिच्या गाण्याची. वच्छलाबाई गायची ती सगळ्या देवळाला भरून उरेल अशी. सूर तिला माहीत नव्हता. टाळ्या मात्र दणदणीत वाजवायची. योगराज डोळे मिटून एखाद्या ओळीवर तरंगायला लागले की मागून तिचा आवाज यायचा आणि सगळी मंडळी पुढच्या ओळीवर निघून जायची.

त्यांनी एकदा तिला बाजूला घेऊन समजावलं होतं. "वच्छलाबाई, जरा हळू गात जा. देव काही बहिरा नाही."

"देव बहिरा नही शे हाई माले बी समजस, भाऊ," ती हसून म्हणाली होती. "पन आवाज त्यानीच दिधा, तो मी कोठे ठेवू?"

योगराजांनी पाळकसाहेबांकडे विषय काढला. पाळक सुकदेव गावित तरुण होते आणि मंडळीत टिकून राहायचं तर कुठल्या विषयावर काय बोलू नये हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू." योगराजांनीही ती केली. वच्छलाबाईचा आवाज थोडा खाली यावा एवढीच त्यांची मागणी होती.

भाद्रपदातल्या एका शनिवारी सकाळी वच्छलाबाई नळावर पाणी भरायला गेली आणि हंड्याशेजारीच बसली, ती उठली नाही. शेजारणी धावल्या तोवर सगळं संपलं होतं. दोनच दिवसांपूर्वी ती रेल्वे कॉलनीतल्या एका म्हातारीला आंघोळ घालून आली होती.

तिला आंघोळ कोण घालणार, हा प्रश्न पडायलाही मंडळीला अर्धा तास लागला, कारण ह्या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षं तीच होती. महिला समाजातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीची कंबर धरली होती, एकीला दवाखान्यात जायचं होतं, एकीला प्रेत पाहवत नव्हतं. शेवटी सुलक्षणा पदर खोचून निघाली. "तिला जसं येत होतं तसं मला येणार नाही," ती म्हणाली, "पण ती काही बोलणार नाही."

पुरुषमंडळी दफनाची व्यवस्था पाहायला देवळाच्या ओट्यावर जमली. तेवढ्यात अन्वर चिखलानं माखलेले पाय घेऊन आला. अन्वर कबरी खणायचा. मुसलमानांच्या कब्रस्तानात तोच आणि इकडेही तोच.

"पाळकसाहेब, खालच्या अंगाला तीन ठिकाणी खणून पाहिलं," तो म्हणाला. "दोन फुटांवर पाणी लागतंय. बादलीनं उपसलं तरी पुन्हा भरतं. बाईला पाण्यात ठेवायचं का?"

"नाही, नाही," सगळे एकदम म्हणाले.

मंडळीचे सेक्रेटरी लोटनभाऊ काखेत रजिस्टर घेऊनच आले होते. लोटनभाऊ नियमाला पक्के होते. ते नियम वाचून दाखवत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शास्त्रपाठ वाचताना येतं त्याहून जास्त तेज येई. "जुनी कबर उघडायची तर नातं लागतं," ते म्हणाले. "बाईंचं इथं कुणी नाही."

"कुणी आपल्या घरची कबर दिली तर?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मग एकेकाला आठवू लागलं. एकाच्या आईला चौदाच वर्षं झाली होती. एकाची कबर तीन भावांची मिळून होती आणि मधला भाऊ नाशिकला, त्याला विचारल्याशिवाय काही करता येत नव्हतं. एकानं वडिलांच्या कबरीवर नुकतीच फरशी बसवली होती. एक जण म्हणाला, जळगावला नेऊन पाहू. दुसरा म्हणाला, तिच्या गावी पाठवू. पण गावात तिचं कोण होतं हे त्यालाच माहीत नव्हतं. असं सगळं बोलून संपलं आणि ओट्यावरच्या माणसांच्या नजरा, कुणी ठरवलं नसताना, हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

योगराजांना ते जाणवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा खिशात ठेवला.

"वरच्या अंगाला कोरडं आहे," अन्वर कुणाकडेही न बघता म्हणाला. "बकुळीखाली."

"भाऊ," पाळकसाहेब घसा साफ करत म्हणाले, "निर्णय तुमचाच आहे. आम्ही काही जबरदस्ती..."

"नाही, नाही, तसं काही नाही," योगराज म्हणाले. "जागेचं काय, ही माती आहे. मी नेहमी सांगतोच. पण एवढी मोठी गोष्ट घाईत करणं बरोबर नाही. पंचकमिटीची रीतसर सभा घ्यावी. त्याआधी, माझं म्हणणं, आपण प्रभूला विचारू. मार्ग तोच दाखवील."

आणि ते प्रार्थनेला उभे राहिले. सगळे उभे राहिले.

योगराजांची प्रार्थना एरवीही लांब असायची. त्या दिवशी तिला अंतच दिसेना. त्यांनी आधी सृष्टीबद्दल आभार मानले, मग पावसाबद्दल, मग वच्छलाबहिणीच्या सेवेबद्दल. मग मार्गदर्शन मागितलं. मग राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, रेल्वेच्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी प्रार्थना केली. पुन्हा मार्गदर्शनावर आले. मनात कुठेतरी त्यांना वाटत होतं, की आपण डोळे उघडू तेव्हा कुणीतरी आपली कबर देऊन टाकलेली असेल, किंवा खालचं पाणी ओसरलेलं असेल. ते पृथ्वीवरच्या सर्व वाटसरूंसाठी विनंती करत होते तेव्हाच मागून खणखणीत आवाज आला.

"आमेन!"

सुलक्षणा होती. वच्छलाबाईच्या खोलीवरून ती थेट आली होती. हातांना अजून साबणाचा वास होता.

"अन्वरभाऊ, बकुळीखाली खणा," ती म्हणाली. "ती आमची जागा आहे."

योगराजांचे डोळे मिटलेलेच राहिले. त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य अर्धं बाहेर पडलं होतं आणि अर्धं आत राहिलं होतं.

"आज तुम्हाला लागणार आहे का ती?" सुलक्षणानं नवऱ्याच्या कानाशी येऊन विचारलं.

"आज... नाही."

"मग झालं तर."

त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. लोटनभाऊंनी योगराजांना मिठी मारली. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याची कबर तीन भावांची होती तो सगळ्यात जास्त गहिवरला. "भाऊ, तुम्ही नुसतं बोलत नव्हता," तो म्हणाला, "तुम्ही करून दाखवलं." योगराज सगळ्यांच्या मधे उभे होते आणि त्यांना वाटत होतं, आपल्या डोळ्यांदेखत आपली गाडी दुसरंच कुणी घेऊन चाललं आहे आणि फलाटावरची माणसं आपल्याला हार घालताहेत.

लोटनभाऊंनी ओट्यावरच रजिस्टर उघडलं. नाव, वय, मृत्यूचं कारण लिहून झालं. "मृताशी नाते," त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. "इथं काय लिहू? कुणी नाही असं लिहितो."

छत्तीस वर्षं ज्या माणसानं गाडीचे कागद सांभाळले, त्याला कुठल्या रकान्याला काय किंमत असते हे चांगलं कळतं. योगराजांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. नातेवाइकाची कबर पंधरा वर्षांनी उघडता येते. नातं असलं म्हणजे जागा गेली नाही. जागा फक्त पुढे ढकलली गेली.

"बहीण लिहा," ते म्हणाले.

"अं?"

"माझी बहीण. सही मी करतो."

लोटनभाऊंचा पेन थांबला. त्यांनी वर पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नियमांच्या त्या माणसाचा आवाज फुटला. "भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही खरंच थोर." योगराजांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. सुलक्षणा मात्र त्यांच्याकडे बघत होती, आणि सदतीस वर्षांच्या संसारानंतर तिला नवऱ्याच्या मनातलं वाचायला चष्मा लागत नव्हता.

दुपारी चारला माती झाली. पाळकसाहेबांच्या संदेशात वच्छलाबाईबद्दल पाच मिनिटं होती आणि योगराजांच्या त्यागाबद्दल पंधरा. मग गाणं. योगराजांनी डोळे मिटून सूर लावला आणि पहिली ओळ छान वर गेली. दुसरीवर ते नेहमीसारखे रेंगाळले. मंडळीही रेंगाळली. कुणीच पुढे गेलं नाही. तिसऱ्या ओळीवर निम्मे लोक पहिल्या ओळीवर होते, बाकीचे गप्प होते, आणि एक म्हातारी एकटीच टाळ्या वाजवत होती, त्याही चुकत. योगराजांनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, पुढे कुठे जायचं ते विचारत असल्यासारखे. गाणं कसंबसं चौथ्या कडव्याऐवजी दुसऱ्यावरच संपवावं लागलं.

घरी परतताना सुलक्षणा रिक्षात म्हणाली, "बहीण का लिहिलंत ते मला कळलं."

योगराज रिक्षाबाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागले.

"पण हिशेबात एक राहिलं तुमचं. पंधरा वर्षांशिवाय ती कबर उघडत नाही. म्हणजे आता तुम्हाला पंधरा वर्षं मरायची परवानगी नाही."

योगराजांनी मनात मोजलं. सहासष्ट आणि पंधरा एक्क्याऐंशी. स्वर्गाच्या ओढीनं बॅग भरून बसलेल्या माणसाला हे ऐकून दुःख व्हायला हवं होतं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की घर आल्यावर ते रिक्षातून उतरायचंच विसरले.

तीन दिवसांनी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. लोको शेडमधून निवृत्त झालेल्या रुपचंद फिटरची बायको. ही माणसं मंडळीतली नव्हेत. घरात खंडोबा, दारात तुळस.

"तुम्ही वच्छलाबाईंचे भाऊ ना?" तिनं विचारलं.

योगराज हो म्हणण्याआधी थोडे घुटमळले. "हो, म्हणजे... हो."

"यांच्या पायाला साखरेची जखम आहे. वच्छलाबाई दर मंगळवारी येऊन धुऊन पट्टी बांधायच्या. दवाखान्यात न्यायला रिक्षात चढवत नाही, माणूस जड आहे. आज मंगळवार."

"पण मला पट्टी कुठे बांधता येते?"

"त्यांनाही आधी येत नव्हती म्हणे," बाई म्हणाली आणि थांबून राहिली.

दुपारी निरोप आला, की देवळाची किल्ली वच्छलाबाईच्या खोलीत सापडली, ती भावानं घेऊन जावी, आणि शनिवारी झाडायचं कोण ते बघावं. संध्याकाळी अन्वर आला. वच्छलाबाईच्या शेजारच्या खोलीत सुगराबी नावाची म्हातारी राहते. दोन्ही डोळ्यांनी गेलेली, मागे कुणी नाही. वच्छलाबाई रोज संध्याकाळी तिला भाकरी द्यायची आणि तिच्याजवळ बसायची. तीन दिवस शेजारचे देताहेत, पण म्हातारी नीट जेवत नाही. "विचारते, वच्छला का भाई कब आयेगा," अन्वर म्हणाला.

अन्वर गेल्यावर योगराज खुर्चीत बसले ते संतापूनच. "मी काय बाईच्या सगळ्या कामांचा वारस आहे? मी नावापुरता भाऊ!"

"रजिस्टरमध्ये नावापुरता असा रकाना नाही," सुलक्षणा आतून म्हणाली. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. थोड्या वेळानं तिनं दोन भाकरी, वांग्याचं भरीत आणि कुटलेली मिरची डब्यात घालून डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तू जा की."

"मी उद्या जाईन. आज भावाला बोलावलंय."

योगराज गेले. खोलीत कोंदट अंधार होता. सुगराबीला दिव्याची गरज नव्हती आणि दुसरं कुणी तिथे राहत नव्हतं. पायांचा आवाज ऐकून तिनं मान फिरवली.

"देर हो गयी आज," ती म्हणाली. "वच्छला सूरज डूबने के पहले आती थी."

आयुष्यभर वेळापत्रक पाळलेल्या माणसाला, पहिल्याच दिवशी, उशीर झाल्याबद्दल बोलणी बसली. योगराजांनी डबा उघडला. म्हातारीनं बोटांनी भाकरी चाचपली, तुकडा मोडला, भरीत लावलं.

"तुम गाते हो ना?" तिनं एकदम विचारलं.

योगराज सावरून बसले. म्हणजे वच्छलाबाईनं सांगितलेलं दिसतं. "हो, थोडंफार. देवळात."

"बोलती थी वो. अपने चर्च में एक भाई है, आवाज बडा मीठा. पर गाते-गाते आँख बंद करता है और ताल छोड देता है. सब लोग भटक जाते हैं. फिर मैं जोर से गाती हूँ, बोली, ताली बजाती हूँ, के बेचारे की इज्जत रह जाये." ती हसली, तोंडात एकच दात होता. "हर इतवार गला बैठ जाता था उसका. मैं गरम पानी देती थी."

योगराजांनी डब्याचं झाकण उगाच लावलं आणि पुन्हा उघडलं. मग त्यांनी विचारलं, "आणखी भरीत देऊ?"

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा जायला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातातून डबा घेतला आणि म्हणाले, "मीच जातो. तुझे गुडघे दुखतात." तिचे गुडघे दुखत नव्हते.

त्यानंतर योगराज एकदम साधू झाले असं कुणी समजू नये. पहिल्या मंगळवारी रुपचंदाची पट्टी सोडताना वासानं त्यांना भोवळ आली आणि फिटरनंच त्यांना पाणी पाजलं. शनिवारी देऊळ झाडताना ते रविवारी कुणीतरी त्याचा उल्लेख करावा म्हणून खराटा मुद्दाम दारात ठेवत. पाळकसाहेबांनी एकदा उल्लेख केलाही. पण लोकांनी मान डोलावली ती योगराजांना वाटलं होतं तितकी जोरात नव्हती. पुढच्या वेळी खराटा दारात राहिला नाही. शनिवारी झाडून होताहोताच त्यांचं लक्ष घरच्या जेवणाकडे असे.

त्या हिवाळ्यात मंडळीतला एकटा राहणारा एक निवृत्त पोर्टर वारला. पुरुषाला आंघोळ घालायची तर पुरुष हवा. लोटनभाऊ त्याच्या घराच्या ओट्यावर रजिस्टर घेऊन बसले होते आणि सगळे पुन्हा एकमेकांकडे बघत होते. योगराज बराच वेळ वाट पाहत राहिले, की कुणीतरी उठेल. मग शर्टाच्या बाह्या वर करत उठले, आणि आत जाताना, कबरीचं विचारायला आलेल्या अन्वरला म्हणाले, "तू चल बाबा बरोबर. पाणी कुठून ओतायचं ते सांग. माझ्याच्यानं एकट्यानं होणार नाही."

आत गेल्यावर त्यांना काय बोलावं कळेना. वच्छलाबाई बोलायची असं त्यांनी ऐकलं होतं. पोर्टर त्यांच्या ओळखीचा. फलाट तीनवर चहा घ्यायचे दोघं. "थंड आहे रे पाणी," ते शेवटी त्याला म्हणाले. "जरा सहन कर."

साक्ष द्यायला ते आता क्वचित उभे राहत. वेळच नसे, रविवारी उपासना सुटल्याबरोबर कुणाकुणाकडे जायचं असे. उभे राहिलेच तर स्वर्गाबद्दल दोनच वाक्यं बोलत, आणि तीही जरा दबकत, पत्ता माहीत असलेल्या पण कधी न पाहिलेल्या घराबद्दल बोलावं तशी. गाताना मात्र डोळे उघडे ठेवत. कुणी मागे पडलेलं दिसलं की थांबत. मंडळीतले जाणकार म्हणू लागले, की योगराजभाऊंच्या गाण्यातला तो पूर्वीचा भाव गेला.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता पाळकसाहेब घाईघाईनं बोर्डेंच्या घरी आले. चेहरा फुललेला. नगरपालिकेनं दफनभूमीसाठी नवी जमीन मंजूर केल्याचं पत्र त्यांच्या हातात होतं.

"सलाम, भाऊ! ऐका," ते दारातूनच म्हणाले. "पंचकमिटीनं एकमतानं ठराव केलाय. नव्या जमिनीत पहिली जागा तुमची, जी आवडेल ती. कोपऱ्यावरची घ्या, झाडाची घ्या. गाडी बाहेर उभी आहे, आत्ताच चला, निवडून ठेवू."

योगराज ओसरीवर पिशवी भरत होते. कापूस, पट्ट्या, औषधाची बाटली, जुन्या धोतराचे फाडून उकळलेले तुकडे.

"आज?" ते म्हणाले. "आज मंगळवार आहे, पाळकसाहेब."

"तासाभराचं काम."

"रुपचंदाचा पाय आत्ता कुठे भरत आलाय. उशीर झाला की तो स्वतःच पट्टी सोडून बसतो." त्यांनी पिशवीचा बंद ओढला. मग जरा थांबून विचारलं, "जमीन कशी आहे? काळी?"

"अर्धी काळी. अर्धी बरी आहे. तुम्हाला बऱ्या अंगालाच..."

"पाणी लागतं का खाली?"

"पावसाळ्यात लागत असेल थोडं."

"मग आधी मुरूम टाकून घ्या. एका जागेत नको, बठ्ठ्या, सगळ्या जमिनीत टाका. कोण कधी जाईल, काय सांगता येतं?" ते चपला घालू लागले. "जागा सुलक्षणाला दाखवा. तिला अजून कुठेच मिळालेली नाही."

सुलक्षणा आतून पदराला हात पुसत आली. "मी बघून येते," ती म्हणाली. "पण संध्याकाळच्या आत सोडा मला, पाळकसाहेब. सुगराबीला आज ताप आहे, तिच्यासाठी मऊ खिचडी करायचीय."

पाळकसाहेब पत्र हातात धरून क्षणभर तसेच उभे राहिले. एवढी आनंदाची बातमी आणि तिला ह्या घरात बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. योगराज तोवर गल्लीच्या वळणापर्यंत पोहोचले होते. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि समोरून येणाऱ्या केळीच्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभे.